‘होऊन जाते’ म्हणणाऱ्या भाऊसाहेबांस खुले पत्र

रा. रा. भाऊसाहेब,
मुक्काम अमरावती.



पत्र लिहायला उशीर झाला, क्षमा असावी. आपलं नाव लिहीत नाही, दुकानाचंही लिहीत नाही. आपल्यासारखी दुकानं अमरावतीत आहेत तशी आमच्या अकोल्यातही आहेत. एकाच फलकावर पॅन, आधार, सातबारा, रेल्वे तिकीट आणि पासपोर्ट फोटो. हे पत्र ज्याला लागू पडेल त्यानं आपलं समजून ठेवून घ्यावं.

प्रथम आपले आभार. आमचे बाबा २०२१ च्या पावसाळ्यात गेले. अमरावतीच्या घराला कुलूप लागलं, आईला मी अकोल्याला घेऊन आले. ताई कॅनडात, कॅलगरीला. घर विकायचं ठरलं तेव्हा आम्हा दोघी बहिणींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अशा वेळी ‘काई टेन्शन नका घेऊ म्याडम, होऊन जाते’ असं म्हणणारे पहिले आपणच भेटलात. त्या दिवशी मला खरोखर धीर आला होता, हे मी नाकारणार नाही. बसमध्ये बसल्यावर ताईला फोन करून मी सांगितलंसुद्धा, की चांगला माणूस मिळाला.

काम एवढंच होतं. आखीव पत्रिकेवर आई, ताई आणि मी अशी तीन वारसांची नावं लागली होती. दहा लाखांवरच्या घराच्या व्यवहारात तेव्हा पॅन लिहावा लागायचा. आईचा होता, माझा होता, ताईचा नव्हता. तिनं अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली आणि १९९८ मध्ये ती गेली ती गेलीच. भारतात तिनं कधी पगार घेतला नाही, त्यामुळे पॅनची वेळ आली नाही. पुढे तिनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, भारताचं सोडलं, आणि ओसीआय कार्ड काढलं.

ते कार्ड आपण हातात घेतलंत. त्यावर ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ असे चार शब्द आहेत. आपण पहिला सोडून बाकीचे तीन वाचलेत आणि म्हणालात, ‘इंडियाच्याच सिटिझन हायेत ना ताई.’ भाऊसाहेब, त्या वाक्याबद्दल मी आपली ऋणी आहे. चोवीस वर्षांनी कुणीतरी ताईला पुन्हा आपल्यातली म्हणालं. ज्या दिवशी तिनं भारताचा पासपोर्ट परत केला, त्या रात्री ती फोनवर एक शब्द न बोलता रडली होती. आपण तो सगळा कागद एका दमात पुसून टाकलात.

फक्त, सरकारनं तो पुसला नव्हता. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. तो आजन्म येण्या-जाण्याचा परवाना आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली मात्र ठेवता येते. पॅनच्या अर्जालाही हा फरक माहीत होता. भारतीय नागरिकासाठी तेव्हा ४९ए, आणि जो नागरिक नाही त्याच्यासाठी ४९एए. एका ‘ए’चा फरक. आपण तो एक ‘ए’ वाचवलात.

४९ए भरताना राहण्याचा पत्ता लागायचा. तिथे आपण बाबांच्या घराचा पत्ता लिहिलात. ज्या घराला आम्ही कुलूप लावलं होतं, त्याच घरात आपण ताईला राहायला पाठवलंत. आईला हे कळलं असतं तर तिनं आपल्या हातावर साखर ठेवली असती.

त्या उदारपणामागे हिशेबही होता, तो आपण मला समजावून सांगितलात. कार्ड भारतातल्या पत्त्यावर मागवलं तर १०७ रुपये, परदेशातल्या पत्त्यावर १,०१७. ‘नऊशे दहा रुपये काऊन घालवता?’ आपण आमचे ९१० रुपये वाचवलेत आणि स्वतःचे ३,००० घेतलेत. पावती मागितली तर आपण इतके प्रेमळ हसलात, की मला मागितल्याचीच लाज वाटली.

आणि आपला तो मोबाइल नंबर. तो अर्जावर आपण स्वतःचा घातलात, ई-मेलही आपलाच. ‘ताई फॉरेनला, ओटीपी कोन सांगन?’ केवढी ही आपुलकी! पुढे अर्जात त्रुटी निघाल्याचा मेल आला तो आपल्या पेटीत. नागरिक म्हणून अर्ज केलात, तर आधार कुठे आहे, असा साधा प्रश्न होता. २०१७ पासून पॅन काढायला आधार लागतो. जे नागरिक नाहीत त्यांना त्यातून सूट आहे, पण ती सूट मिळवायला आधी आपण नागरिक नाही हे कागदावर सांगावं लागतं. आपण नेमकं तेच लपवलं होतं. तो मेल आपण तीन महिने कुणाला दाखवला नाहीत. आमच्या जीवाला घोर लागू नये म्हणूनच, अशी माझी समजूत आहे.

त्या तीन महिन्यांत आई दर रविवारी विचारायची, ‘ताईचा नंबर आला का?’ तिला पॅन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ताईचा काहीतरी नंबर यायचा आहे आणि तो आला की ताई येणार आहे, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

शेवटी जून २०२२ मध्ये मी स्वतः आले. आठवत असेल आपल्याला. त्याच आठवड्यात आपल्या अमरावती-अकोला रस्त्यानं जगात नाव काढलं होतं. ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण, १०५ तास ३३ मिनिटांत, गिनीज बुकात नोंद. बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी तेच. मूर्तिजापूरला चढलेले एक आजोबा खिडकीतून रस्ता दाखवून नातवाला सांगत होते, की पाच दिवसांत केला, रात्रीचेही थांबले नाहीत. मला मनापासून अभिमान वाटला. आपल्या भागात माणसं मनावर घेतात तेव्हा काय करतात, ते चाकाखाली दिसत होतं. बडनेरा आलं, गाव आलं, आपलं दुकान आलं. आपण म्हणालात, ‘सर्व्हर डाऊन हाये म्याडम.’

माझा चेहरा पाहून आपण दुसरा मार्ग सुचवलात. ताईचं आधारच काढून टाकू! मी विचारलं, ती इथे राहत नाही, तिला कसं मिळेल? आधारसाठी ओसीआय कार्डधारकाला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. ताई बाबांच्या वेळी आली ती एकवीस दिवसांसाठी. आपण आवाज खाली घेऊन म्हणालात, ‘टिक मारून देऊ. कोन पाहाले येते?’

भाऊसाहेब, इथे मला आपले आभार मानायला शब्द सापडत नाहीत. आमचे बाबा छत्तीस वर्षं शिक्षक होते. हजेरीपटावर त्यांनी एका मुलाचा एक दिवस कधी खोटा लावला नाही, स्वतःच्या मुलींचाही नाही. त्यांच्या घराच्या पैशासाठी त्यांच्या थोरल्या मुलीचे १६१ दिवस आपण टेबलावर बसल्या बसल्या खोटे लावून देणार होतात, आणि तेही जादा पैसे न घेता. मी फाइल उचलून बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बराच वेळ मला रस्ता ओलांडता येईना.

तरीही मी परत आले. हा माझा दोष. शाळा सुरू झाली होती, आईचा गुडघा दुखत होता, दर वेळी शंभर किलोमीटर जाणं-येणं जमत नव्हतं, आणि आपण फोनवर शपथ घेतलीत, की या वेळी बरोबर फॉर्म भरतो. भरलात. या वेळी खरोखर ४९एए भरलात, १,५०० रुपयांत.

त्यात वडिलांच्या नावाचा रकाना होता. लग्न झालेल्या बाईनंही तिथे वडिलांचंच नाव लिहायचं, असं अर्जाच्या सूचनांतच होतं. आपण तिथे आमच्या जावईबापूंचं नाव लिहिलंत. जावयाला इतका मान वऱ्हाडात क्वचितच मिळाला असेल. घर बाबांचं, वारसा बाबांचा, अर्ज त्यांच्या मुलीचा, आणि बाबा मात्र कुठेच नाहीत. चूक एका ओळीची होती, मला माहीत आहे. पण ती ओळ वाचली तेव्हा बाबांना जाऊन वर्ष व्हायला आठवडा उरला होता.

पासपोर्टची झेरॉक्स आपण ताईच्या सहीनिशी जोडलीत. ‘सेल्फ अटेस्टेड चालते.’ भारतात राहणाऱ्याची चालते. ताईच्या पासपोर्टच्या प्रतीवर मात्र त्या देशाचा अपोस्टिल मागितला गेला, किंवा तिथल्या भारतीय वकिलातीचं साक्षांकन, किंवा आपल्या शेड्यूल्ड बँकेच्या तिथल्या शाखेतल्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. अपोस्टिल ही १९६१ च्या हेग करारातली सोय आहे. कॅनडात तो करार लागू झाला ११ जानेवारी २०२४ ला, त्यामुळे तेव्हा ताईनं वकिलातीचा रस्ता धरला. हे सगळं मला आज पाठ आहे. आपल्या दुकानात अर्ज टाकण्यापूर्वी मला अपोस्टिल हा शब्द उच्चारता येत नव्हता. तेव्हा माझं हे शिक्षण आपल्या खाती जमा.

परत आलेल्या त्या अर्जाचा कागद माझ्या समोर आहे. ताईचा फोटो आपण स्टेपल केला होता. चिकटवायचा, पिन किंवा स्टेपल लावायची नाही, असं तिथेच छापलेलं आहे. पिन नेमकी कपाळातून गेली आहे, कुंकवाच्या जागी. पावसाळ्यात फाइल ओलसर राहिली असावी, पिनेला गंज चढला आणि त्याचा तांबूस डाग भुवईपर्यंत उतरला. मी तो फोटो आईपासून लपवून ठेवला आहे.

आमचे खरेदीदार चांगले गृहस्थ होते. त्यांच्या सीएंनी ऑक्टोबरमध्ये सगळे कागद मागवले आणि आपला पहिला, भारतीय नागरिक म्हणून केलेला अर्जही त्यांच्या हाती लागला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तुमच्या ताई निवासी आहेत की अनिवासी?’ प्रश्न साधा नव्हता. विकणारा भारतात राहणारा असेल आणि व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल, तर खरेदीदारानं एक टक्का कर कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर तेव्हा आयकर कायद्याचं कलम १९५ लागायचं. तिथे पन्नास लाखांची मर्यादा नव्हती, दर किती तरी जास्त, आणि खरेदीदाराला कर कापणाऱ्याचा टॅन क्रमांक स्वतः काढावा लागायचा. कमी कापला तर जबाबदारी त्याच्या गळ्यात. कपात कमी व्हावी म्हणून ताईनं आयकर खात्याकडून प्रमाणपत्र आणायचं म्हटलं, तर त्यालाही आधी पॅन हवा. त्या गृहस्थांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली. मग हात जोडून म्हणाले, ‘म्याडम, मला दुसरं घर पाहू द्या.’

त्यांना मी दोष देत नाही. आपल्यालाही त्या दिवशी मी फोन केला होता. आपण म्हणालात, ‘जाऊ द्या, दुसरा गिऱ्हाईक भेटन.’ केवढा हा समभाव! घर आमचं गेलं नाही म्हणून आपल्याला आनंदच झाला असेल.

त्या रात्री आठ वाजता मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ, खिडकीबाहेर बर्फ. अर्जाच्या सूचना फुकट मिळतात, छापून घेतल्या, आणि आम्ही दोघी एकेक ओळ वाचत बसलो, लहानपणी बाबा परीक्षेआधी बसवायचे तसं. तिचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, सासरच्या आडनावासह. वडिलांच्या रकान्यात बाबा. नागरिकत्वाचा देश कॅनडा. मोबाइल तिचा, मेल तिचा. पत्ता कॅलगरीचा. १,०१७ रुपये.

मग फोटो. साडेतीन सेंटिमीटर बाय अडीच. डाव्या फोटोवर सही अशी करायची, की अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल. गुळगुळीत फोटोवर काळी शाई ठरेना. पहिला पसरला, दुसऱ्यात सही सगळी फोटोवरच गेली, तिसऱ्याला तिचा हात थरथरला. चौथा जमला. तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘बरोबर आहे ना गं?’ आयुष्यभर मी तिला तो प्रश्न विचारत आले. त्या दिवशी तिनं मला विचारला.

कॅलगरी व्हँकुव्हरच्या वकिलातीच्या हद्दीत येतं. मध्ये रॉकीजचे डोंगर, रस्त्यानं हजारेक किलोमीटर. ताईनं पासपोर्टची प्रत साक्षांकित करून आणली, अर्जाच्या पावतीवर सही केली आणि सगळं पुण्याला पाठवलं. मार्च २०२३ मध्ये पॅन आला. दहा अक्षरं-अंक. चौथं अक्षर ‘पी’, म्हणजे व्यक्ती. पाचवं तिच्या सासरच्या आडनावाचं. आणि खाली बाबांचं नाव, पूर्ण.

ताईनं कार्डाचा फोटो पाठवला. आईनं चष्मा पुसून तो मोठा करून घेतला, बाबांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘यांचं आलं.’ ताईचा नंबर आला असं ती म्हणाली नाही.

आता एक आभार असे, की जे मी आपल्याला समोर बसवूनही मानीन. आपला पहिला अर्ज नामंजूर झाला. तो मंजूर झाला असता तर? आधार न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. त्यात परदेशात राहणाऱ्या किती तरी जणांचे गेले, कारण खात्याच्या नोंदीत ते अजून भारताचे रहिवासीच होते. रहिवासी म्हणून पॅन काढलेले आणि नंतर तशी दुरुस्ती न केलेले ओसीआयवाले आणि परदेशी नागरिक त्यात येतात, असं खात्यानं त्याच जुलैत स्वतः सांगितलं. ताईलाही आपण कुलूपबंद घरात रहिवासी करून ठेवलं होतं. तिचा नंबर हाती येऊन पुन्हा मेला असता, आणि चुकून दुसरा काढला असता तर एका माणसाकडे दोन पॅन म्हणून दहा हजारांचा दंड वेगळा.

अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी फेरी मारा, भाऊसाहेब. पोरं पुण्याला, पुढे टोरांटोला, डब्लिनला, सिडनीला. मागे दोन म्हातारी माणसं, नंतर एक, नंतर फाटकाला साखळी. त्या प्रत्येक घराच्या कागदावर उद्या कुणी तरी ताई, कुणी तरी दादा पॅनसाठी अडणार आहे. त्यांची इथली भावंडं चप्पल घालून आपल्याच दुकानात येणार आहेत, कारण त्यांना दुसरं कुणी ठाऊक नाही. आपल्याकडे गर्दी असते ती लोकांचा विश्वास आहे म्हणून. माझाही होता, म्हणूनच एवढं लांब पत्र लिहिते आहे.

हात जोडून दोन मागण्या. पुढचं माणूस आलं की ‘होऊन जाते’ म्हणायच्या आधी त्याला एकच विचारा, ‘पासपोर्ट कोणत्या देशाचा?’ आणि अर्जावर त्याचा नंबर, त्याचा मेल घाला. तो फॉरेनला असला तरी त्यालाही फोन असतो.

सुनेला, लेकरांना आशीर्वाद. कळावे, लोभ होता, राहावा असं म्हणवत नाही.

आपली,
अकोल्याच्या म्याडम

ता. क. ताईचे सहा फोटो मी आपल्याकडे दिले होते. दोन अर्जांना मिळून चार लागले, दोन आपल्या खणात असतील. पासपोर्टच्या झेरॉक्सही तिथेच आहेत. झेरॉक्स फाडून टाका. फोटो पाकिटात घालून ठेवा, बिना स्टेपलचे. पुढच्या महिन्यात घराची चावी नव्या खरेदीदाराला द्यायला मी अमरावतीला येणार आहे, तेव्हा घेऊन जाईन.